"पुस्तक तर मी परत केलंय!" : सभासदाच्या खात्यावरचा वाद कसा हाताळायचा

ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाने ही दोन वाक्यं ऐकलेली असतात. एक, "हे पुस्तक मी कधीच परत केलंय", आणि दुसरं, "हे पुस्तक मी नेलेलंच नाही". ऐकायला दोन्ही सारखीच, म्हणजे सभासद म्हणतो माझ्याकडे नाही आणि स्क्रीन म्हणते त्याच्याकडेच आहे, पण शोधायची दिशा एकदम उलटी. पहिल्या प्रकारात पुस्तक बऱ्याचदा आपल्याच इमारतीत कुठेतरी असतं, जमा करतानाची नोंद तेवढी हुकलेली असते. दुसऱ्यात पुस्तक खरंच बाहेर गेलेलं असतं पण भलत्याच माणसाच्या पिशवीतून. त्यामुळे सगळ्यात आधी समोरचा यातलं नेमकं काय म्हणतोय ते नीट समजून घ्या, कारण चिडलेला माणूस नुसतं "माझ्याकडे नाहीये" म्हणतो आणि आपण लगेच रॅककडे पळतो, आणि अर्ध्या तासाने कळतं की त्याने ते पुस्तक आयुष्यात पाहिलेलंच नाही.

तिसरा एक प्रकार असतो, "मला खरंच आठवत नाही". यात वाद असा नसतोच, त्याला दोन आठवडे द्या, घरी शोधायला सांगा, कुठे शोधायचं तेही सांगा. गाडीची मागची सीट, मुलांचं दप्तर, दुसऱ्या ग्रंथालयाची पुस्तकं ठेवलेला कप्पा. दोन ग्रंथालयांचे सभासद असलेले लोक एकाचं पुस्तक दुसरीकडे टाकून येतात हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त होतं.

काउंटरवर, सभासद समोर असताना

"सिस्टीममध्ये तर दिसतंय ना" हे बोलू नका प्लीज. त्यालाही ते दिसतंय म्हणूनच तर तो आलाय. आणि सिस्टीमला तेवढंच माहीत असतं जे कुणीतरी स्कॅन केलं, जे स्कॅन व्हायचं राहिलं ते तिला कळणार कुठून. उलट्या बाजूने "हो हो, आमचीच चूक असेल, काढून टाकतो" असंही लगेच म्हणू नका, कारण अजून तुम्ही काहीच बघितलेलं नाही आणि उद्या दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने वेगळं सांगितलं की मग खरा तमाशा होतो. मी साधं एवढंच म्हणते, "ठीक आहे, मी तुमचं म्हणणं नोंदवून घेते, आम्ही शोधतो, तोपर्यंत तुम्हाला काही भरायचं नाहीये." या शेवटच्या वाक्याने निम्मा राग उतरतो.

मग विचारायचं. साधारण कधी परत केलं, कुठे दिलं (काउंटरवर, बाहेरच्या परतीच्या पेटीत म्हणजे ड्रॉप बॉक्समध्ये, वाचकाने स्वतः नोंद करायच्या सेल्फ चेक मशीनवर, दुसऱ्या शाखेत), स्वतः दिलं की कुणाच्या हाती पाठवलं, आणि सोबत अजून कोणती पुस्तकं होती. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि खरं तर तोच सगळ्यात कामाचा. लोकांना तारीख आठवत नाही पण "अहो ते जाडं स्वयंपाकाचं आणि मुलीची दोन गोष्टींची, सगळी एकदमच दिली होती" हे बरोबर आठवतं. आणि सोबतच्या पुस्तकांची जमा झाल्याची वेळ सिस्टीममध्ये असते, म्हणजे तुम्हाला नेमका दिवस, तास, कुठला कॉम्प्युटर आणि कुणाचं लॉगिन हे सगळं मिळालं.

आता समजा चार पुस्तकं एकत्र आली होती. तीन ५ वाजून ४२ मिनिटांनी एकापाठोपाठ जमा दिसतायत आणि चौथं अजून खात्यावर आहे. तर बघा, त्या तीनातल्या एखाद्यावर कुणाचं आरक्षण होतं का? असेल तर तिथे बहुतेक काय झालं असेल सांगते. आरक्षित पुस्तक स्कॅन केलं की स्क्रीनवर मोठी सूचना उघडते आणि ती बंद करेपर्यंत पुढचा स्कॅन कुठेच जात नाही. स्कॅनर मात्र बीप करतो! कारण त्या बीपचा अर्थ "बारकोड वाचला" एवढाच असतो, "पुस्तक जमा झालं" असा नसतो. गर्दीच्या वेळी माणूस स्क्रीनकडे न बघता बीपच्या तालावर पुस्तकं सरकवत जातो, आणि सूचनेच्या मागचं एक पुस्तक नोंद न होता थेट ट्रॉलीवर. कर्सर भलत्याच रकान्यात असेल तरी हेच होतं.

आरएफआयडी (पुस्तकात चिकटवलेला, रेडिओ लहरींनी वाचला जाणारा टॅग) असेल तर वेगळी गंमत. दोन पातळ पुस्तकांचे टॅग बरोबर एकावर एक आले तर ते एकमेकांना अडवतात आणि एकच वाचला जातो. मुखपृष्ठावर चकचकीत धातूची फॉईल असेल तर त्याच्या आतला टॅगही दगा देतो. म्हणून पॅडवर सात पुस्तकं ठेवली तर स्क्रीनवर सात आकडा आलाय का हे बघायची सवय लागली पाहिजे, नुसता हिरवा दिवा बघून चालत नाही.

आणि अगदी साधी शक्यता विसरू नका, पातळ पुस्तक जाड पुस्तकाच्या आत अडकून आलेलं असतं. ते जाडं पुस्तक शेल्फवर असेल तर काढून उघडून बघा. हसू नका, खरंच बघा.

हे सगळं बोलणं झालं की सभासदासमोरच नोंद टाका. नोंदीत त्याचं म्हणणं त्याच्या शब्दात, तारीख, आणि तुमचं नाव. "सभासदांच्या म्हणण्यानुसार महिन्याच्या सुरुवातीला ड्रॉप बॉक्समध्ये इतर तीन पुस्तकांसोबत परत केलं" असं. "नेहमीचाच आहे, खोटं बोलतोय वाटतं" असं काही तिथे लिहायचं नाही. एक तर ती नोंद उद्या सहा जण वाचणार, आणि सभासदाने बघायला मागितली तर तोंड लपवायची वेळ येते.

शेल्फवर शोधायचं म्हणजे नक्की कसं

बोधांकाच्या (पुस्तकाच्या कण्यावरच्या क्रमांकाच्या) जागी बघितलं, नाहीये, झालं, परत आले. याला शोधणं म्हणत नाहीत. जागेच्या दोन्ही बाजूंची निदान हातभर पुस्तकं एकेक करून बघायची, वरचा आणि खालचा खण बघायचा, आणि पुस्तकांच्या मागे हात घालायचा, कारण खोल खणात पातळ पुस्तक मागे सरकून उभं राहतं आणि समोरून कधीच दिसत नाही. मग आकड्यांची अदलाबदल. ड्युई या विषयवार क्रमांकांच्या पद्धतीत लोककथा ३९८ला असतात आणि ३८९ला मापनशास्त्र, तर ३९८चं पुस्तक न सापडल्यास ३८९ला एक चक्कर मारा, ट्रॉली लावणारा दमलेला असला की हे होतंच. त्याच लेखकाची दुसऱ्या विषयातली पुस्तकं, त्याच मालिकेचे बाकीचे भाग, मोठ्या आकाराच्या पुस्तकांचं वेगळं कपाट, बालविभाग आणि प्रौढ विभाग दोन्हीकडे.

त्यानंतर शेल्फ सोडून बाकीच्या जागा. न लावलेल्या पुस्तकांची ट्रॉली, दुरुस्ती बांधणीचा ट्रे, आरक्षित पुस्तकांचा रॅक, प्रदर्शनात मांडलेली पुस्तकं, झेरॉक्स मशीनच्या शेजारचं टेबल, वाचनकक्षातली टेबलं, काउंटरच्या खालचा "नंतर बघू" ढीग. हा शेवटचा ढीग प्रत्येक ग्रंथालयात असतो आणि प्रत्येक ग्रंथालयात लोक म्हणतात आमच्याकडे नाही.

त्या पुस्तकाच्या एकापेक्षा जास्त प्रती असतील तर सगळ्या प्रती हातात घेऊन बघा. बाहेरचा बारकोड आणि आत लिहिलेला दाखल क्रमांक (प्रत्येक प्रतीचा वेगळा नोंदणी क्रमांक) जुळतोय का. कधीकधी बारकोड लावतानाच दोन प्रतींचे अदलाबदल झालेले असतात, मग सभासद आपली प्रत परत करतो आणि सिस्टीम भलतीच प्रत जमा करते. किंवा सिस्टीम सांगते की ही प्रत तर बाहेर गेलेलीच नव्हती, आणि काउंटरवरचा माणूस "असू दे" म्हणून ती सूचना बंद करतो. ती सूचना कधीच "असू दे" नसते हं, बाहेर न गेलेलं पुस्तक परत येतंय याचा अर्थ कुठेतरी काहीतरी उलटंपालटं झालंय.

एकदा शोधून नाही सापडलं तर पुन्हा शोधायचं, पण दुसऱ्याने. त्याच माणसाला त्याच रॅकवर तीनदा पाठवलं तर तो तीनदा तेच बघून येतो. लगेच एकदा, मग दहा पंधरा दिवसांनी, मग महिन्याभराने, असं अंतर ठेवलं तर चांगलं, कारण मधल्या काळात वाचक स्वतःच चुकीच्या जागचं पुस्तक हलवतात, कुणीतरी ते काउंटरवर आणून देतं. आणि त्या प्रतीवर सूचना लावून ठेवा, म्हणजे ती कुठल्याही शाखेत कुणीही स्कॅन केली की स्क्रीनवर "हे वादातलं पुस्तक, बाजूला ठेवा" असं येईल. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि न केल्यामुळे सापडलेलं पुस्तक गुपचूप परत शेल्फवर जातं, सभासदाला शेवटपर्यंत कुणी कळवतच नाही.

"मी नेलंच नाही" असं असेल तर

इथे रॅक नाही, लॉग बघायचा, म्हणजे सिस्टीममधली व्यवहारांची वेळेनुसार नोंद. आणि नुसता त्या सभासदाचा नाही. त्या दिवशी, त्या कॉम्प्युटरवर, त्या व्यवहाराच्या आधी आणि नंतर काय झालं ते बघायचं. माझ्या मते यातली निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात.

एक नमुना देते. सभासदाची खरी पुस्तकं ११:०४ आणि ११:०५ला इश्यू झालीत. वादातलं पुस्तक ११:०९ला. आणि ११:१०ला पुढच्या सभासदाच्या खात्यावर दोन पुस्तकं. आता ती मधली चार मिनिटं बघा. पहिला माणूस पुस्तकं घेऊन गेला, त्याचं खातं स्क्रीनवर तसंच उघडं राहिलं, पुढच्याचं पहिलं पुस्तक त्याच खात्यावर स्कॅन झालं, मग काउंटरवरच्याच्या लक्षात आलं आणि त्याने नवीन कार्ड स्कॅन केलं, पण आधीचं एक पुस्तक चुकीच्या खात्यावरून काढायचं राहून गेलं. सेल्फ चेक मशीनवर तर हे अजून सोपं, लोक पावती घेतात आणि "पूर्ण झालं" न दाबता निघून जातात, मागचा माणूस आपली पुस्तकं ठेवतो. तुमच्या मशीनचं सत्र किती सेकंदांनी आपोआप बंद होतं ते एकदा बघून घ्या, फार जास्त असेल तर कमी करा.

दुसरी कारणं अशी. कार्ड विसरलेल्या सभासदाला नावाने शोधलं आणि सारख्या नावाच्या दुसऱ्यालाच निवडलं, वडील आणि मुलगा एकाच आद्याक्षराचे असले की ठरलेलं. किंवा कार्ड नंबर हाताने टाइप केला आणि एक आकडा चुकला. बऱ्याच ग्रंथालयांत १४ अंकी बारकोड असतो आणि त्याचा शेवटचा अंक हा तपासणी अंक असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो नंबर बसतच नाही, सिस्टीमने तपासणी चालू ठेवली असेल तर लगेच पकडतं. पण स्वतःच छापलेले साधे १, २, ३ असे चालू क्रमांक असतील तर चुकलेला नंबर हा दुसऱ्या कुणाचा तरी बरोबर नंबर असतो! आणि आरएफआयडीचा पॅड कधीकधी शेजारी टेकवलेलं दुसऱ्याचं पुस्तकही वाचतो, म्हणून पॅडच्या बाजूला पुस्तकं ठेवायला जागाच ठेवू नये.

नेट बंद असताना ऑफलाइन इश्यू केलेले व्यवहार नंतर चढवले जातात, तिथेही घोळ होतो. त्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असेल किंवा चढवायला उशीर झाला असेल तर पुस्तक आधी परत आलेलं आणि मग "इश्यू" झालेलं दिसतं, म्हणजे शेल्फवर असलेलं पुस्तक सभासदाच्या नावावर चिकटतं. वादातल्या व्यवहाराची तारीख नेट गेलेल्या दिवसाची असेल तर आधी हेच तपासा.

नूतनीकरणाकडेही बघा पण जपून. सभासदाने स्वतः अॅपमधून लॉगिन करून ते पुस्तक रिन्यू केलं असेल तर "मी नेलंच नाही" थोडं लंगडं पडतं. पण "सगळी रिन्यू करा" असं एकच बटण असेल तर त्याने यादी वाचलीच असेल असं नाही, आणि आपोआप होणारं नूतनीकरण असेल तर त्याला पुरावा म्हणायचंच नाही, ते सिस्टीमने सिस्टीमलाच दिलेलं सर्टिफिकेट आहे.

लॉगवरून पुस्तक पुढच्या सभासदाकडे गेलंय असं वाटलं तर त्याला फोन करायचा, पण पहिल्याचं नाव न घेता. "तुमच्याकडे अमुक पुस्तक चुकून आलंय का, जरा बघाल का, तुमच्या खात्यावर दिसत नाहीये म्हणून विचारतोय" एवढंच. तसंच पहिल्याला "तुमचं पुस्तक अमक्याकडे गेलंय" हेही सांगायचं नाही. कोण काय वाचतं हे दुसऱ्याला कळता कामा नये, मग तो नवरा असो, बायको असो नाहीतर मोठ्या मुलाचे आईवडील. सीसीटीव्हीचंही तसंच, बघायचं असेल तर प्रमुखांची परवानगी घेऊन आपण बघायचं, सभासदाला बाजूला बसवून दाखवायचं नाही, त्यात बाकीचे वाचकही दिसत असतात. आणि रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं, तेव्हा बघायचंच तर लवकर.

पुसलं जाण्यावरून आठवलं, बऱ्याच सिस्टीममध्ये पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव त्या व्यवहारातून काढून टाकायची सेटिंग असते, कुठे लगेच तर कुठे रोज रात्री. वाचकाच्या खाजगीपणासाठी ती चांगलीच आहे, पण तुम्हाला आधी नंतरचे व्यवहार बघायचे असतील तर ते तक्रार आल्या दिवशीच बघून वेळा लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात तिथे काही नसेल.

कार्ड हरवलं आणि दुसऱ्याने वापरलं ही वेगळी केस. तिथे प्रश्न एकच, हरवल्याचं कळवलं कधी. कळवल्याच्या वेळेनंतर इश्यू झालेल्या पुस्तकांची जबाबदारी सभासदाची नाही, कार्ड बंद करायला आपल्याला उशीर झाला असेल तर तो आपला प्रश्न. कळवण्याआधीच्यांचं तुमच्या नियमावलीत जे असेल ते.

सिस्टीममध्ये काय करायचं, आणि काय अजिबात नाही

खातं साफ दिसावं म्हणून पुस्तक हातात नसताना "जमा" करून टाकू नका. मोह खूप होतो, एका क्लिकमध्ये सभासद खूश आणि तुम्ही मोकळे. पण त्या क्लिकने काय काय होतं बघा. पुस्तक कॅटलॉगमध्ये "उपलब्ध" दिसायला लागतं, कुणीतरी ते शोधत येतं आणि रिकाम्या हाती जातं, आरक्षण असेल तर कुणाला तरी "तुमचं पुस्तक आलंय" असा मेसेज जाऊ शकतो, कधी उशिराचा दंड तिथेच पक्का होऊन बसतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुस्तक आणि सभासद यांच्यातला धागा तुटतो, नंतर ते सापडलं तरी कुणाला कळवायचं हे कुणालाच माहीत नसतं. मुदत वाढवत राहणं हीसुद्धा तशीच पळवाट, त्यातून फक्त तारीख पुढे जाते आणि सहा महिन्यांनी तोच माणूस दुप्पट चिडून येतो.

त्याऐवजी "परत केल्याचा दावा" अशी जी सोय असते ती वापरा. कोहा, एव्हरग्रीन, फोलिओ ही ग्रंथालयांची सॉफ्टवेअर. कोहामध्ये सभासदाच्या चेकआउटच्या यादीत पुस्तकासमोर क्लेम रिटर्न्डचं बटण येतं. येत नसेल तर सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये अशा पुस्तकांना "हरवलेलं"मधली कुठली स्थिती द्यायची ते ठरवलेलं नसतं, ते भरलं की बटण दिसतं. दावा नोंदवताना पुस्तकाची किंमत लावायची, नाही लावायची की दर वेळी विचारायचं तेही तिथेच ठरवता येतं (मी "विचारा" ठेवायला सांगेन), आणि एका सभासदाचे दावे ठराविक संख्येच्या वर गेले की सूचना यावी असंही करता येतं. एव्हरग्रीनमध्ये सभासदाच्या खात्यावर दोन वेगळे आकडे असतात, परत केल्याचे दावे वेगळे आणि नेलंच नसल्याचे वेगळे, जे मला फार योग्य वाटतं कारण वर म्हटलं तसं हे दोन प्रकार वेगळेच आहेत. फोलिओमध्ये दावा असलेलं पुस्तक जमा करायला गेलं की ते ग्रंथालयात सापडलं की सभासदाने आणून दिलं असं विचारतं. तुमची सिस्टीम दुसरी असेल तर अशी सोय कुठल्या नावाने आहे ते शोधा, आणि नसलीच तर खात्यावर नोंद अधिक एक साधी एक्सेल शीट, तेवढ्यावरही काम भागतं.

दावा टाकल्यावर दंडाचं मीटर थांबलं की नाही हे दुसऱ्या दिवशी खातं उघडून स्वतः बघा. आपण समजतो थांबलं आणि रात्रीत ते वाढत असतं, आणि सभासदाला उशिराची आठवण करून देणारे मेसेजही जात राहतात. "तुम्हाला काही भरायचं नाहीये" म्हणून सांगितलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी "थकीत रक्कम त्वरित भरा" असा मेसेज गेला तर त्याचा आपल्यावर पुन्हा विश्वास का बसावा. वादातल्या एका पुस्तकामुळे त्याचं बाकीचं कार्डही बंद पडू देऊ नका, निकाल लागेपर्यंत त्याला पुस्तकं मिळाली पाहिजेत.

सभासदाला लेखी काहीतरी पाठवा. माझा मजकूर साधारण असा असतो:

"नमस्कार, तुमच्या खात्यावरचं अमुक पुस्तक तुम्ही परत केल्याचं आज नोंदवून घेतलं आहे. आम्ही पुढचा महिनाभर ते शोधत आहोत. या काळात त्या पुस्तकासाठी कुठलाही दंड किंवा किंमत भरू नये. तुम्हीही घरी एकदा बघावं ही विनंती. सापडलं किंवा नाही सापडलं तरी आम्ही तुम्हाला अमुक तारखेपर्यंत कळवू."

तारीख लिहिलीत तर ती पाळा.

नाही सापडलं तर पैसे कुणी भरायचे

इथे नियम कागदावर असला पाहिजे, नाहीतर काउंटरवर ज्याचा आवाज मोठा त्याचं माफ होतं आणि गरीब स्वभावाचा माणूस मुकाट्याने भरून जातो, जे अत्यंत अन्यायाचं आहे. माझं मत विचाराल तर पहिला दावा संशयाचा फायदा सभासदाला देऊन माफ करावा, पुस्तक "गहाळ" करावं आणि दाव्याची संख्या खात्यावर राहू द्यावी. दुसऱ्याला पुन्हा तितक्याच मनापासून शोधावं. तिसऱ्या चौथ्याला मात्र प्रमुखांनी बसवून बोलावं, तेही आरोप म्हणून नाही, तर "तुमची पुस्तकं वारंवार हुकतायत, यापुढे जमा करताना पावती घेत जा" असं. पावती हा खरंच चांगला उपाय आहे, छापील नको असेल तर ईमेलवर, आणि ज्याला ती दर वेळी मिळते त्याचा वाद पुन्हा उभा राहत नाही. काउंटरवरच्या माणसाने स्वतःच्या अधिकारात किती माफ करायचं आणि कुठून पुढे प्रमुखांकडे जायचं तेही लिहून ठेवा.

लॉगमध्ये चूक आपली आहे हे दिसलं तर मात्र तो दावा मोजायचाच नाही. नोंद काढा, दंड शून्य करा, आणि स्पष्ट शब्दात सॉरी म्हणा.

ड्रॉप बॉक्सबद्दल वेगळं एक. बंद असताना बॉक्समध्ये पडलेली पुस्तकं दुसऱ्या दिवशी जमा करताना तारीख मागची लावायची असते, नाहीतर वेळेत टाकलेल्या पुस्तकावर उशिराचा दंड लागतो आणि फुकटचा वाद तयार होतो. कोहात यासाठी बुक ड्रॉप मोड आहे, ग्रंथालय शेवटचं ज्या दिवशी उघडं होतं ती तारीख तो आपोआप घेतो. बॉक्स रिकामा करताना तळाला आणि कडेच्या फटीत हात घालून बघायचं, आणि काढलेली पुस्तकं शक्यतो तिथल्या तिथे जमा करायची, आधी ट्रॉलीवर रचून मग कधीतरी नाही.

दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून दिलेलं पुस्तक वादात असेल तर त्यांना लगेच कळवा, लपवून काही होत नाही, कदाचित ते थेट त्यांच्याकडेच पोचलेलं असेल.

सॉफ्टवेअर नसलेल्यांसाठी

कार्डांवर चालणाऱ्या ग्रंथालयातही हे सुटतं, उलट कधीकधी पटकन सुटतं. ब्राऊन पद्धत (पुस्तक नेताना सभासदाचं एक तिकीट आणि पुस्तकाचं कार्ड जोडून तारखेप्रमाणे ट्रेमध्ये ठेवतात ती) असेल तर सभासदाला त्याची तिकिटं दाखवायला सांगा. पुस्तक परत आल्यावरच तिकीट परत मिळतं, तेव्हा त्याला दिलेली सगळी तिकिटं त्याच्या हातात असतील तर त्याच्याकडे पुस्तक नाही, विषय संपला. तिकीट ट्रेमध्ये असेल तर त्याच्यासोबत पुस्तककार्ड कुणाचं आहे ते बघा, आणि आजूबाजूच्या तारखांमागेही बघा, चुकीच्या तारखेमागे खोचलेली जोडी ही नेहमीची गोष्ट. या पद्धतीत एक उणीव अशी की पुस्तक परत आल्यावर कोण घेऊन गेलं होतं याचा मागमूस राहत नाही, त्यामुळे जुना वाद उकरून काढता येत नाही. नेवार्क या दुसऱ्या कार्डपद्धतीत पुस्तककार्डावर आणि सभासदाच्या कार्डावर दोन्हीकडे तारखा राहतात, आणि सभासदाच्या कार्डावर परतीचा शिक्का असेल तर आपल्या कार्डावर काहीही असो, शिक्का खरा धरायचा. नुसतं रजिस्टर असेल तर नाव शोधू नका, दाखल क्रमांक शोधा, एका ओळीची सही खालच्या ओळीवर झालेली असते आणि ती अशीच सापडते.

सापडल्यावर

पुस्तक सापडलं की लगेच शेल्फवर लावू नका. आधी कुठे सापडलं ते दाव्यात लिहा, "बालविभागातल्या मोठ्या पुस्तकांमागे" असं नेमकं. मग दावा "ग्रंथालयात सापडलं" म्हणून बंद करा, खात्यावरचा दंड आणि लावली असेल तर किंमत काढा, सभासदाने पैसे भरले असतील तर ते परत करा आणि तो मागायला येईपर्यंत थांबू नका. दाव्यांच्या संख्येतूनही हा वजा करा, बऱ्याच ठिकाणी हे आपोआप होत नाही. पुस्तकाचा बारकोड आणि टॅग तपासा, वाचत नसेल तर बदला, नाहीतर पुढच्या वाचकाच्या नावावर हीच कथा परत सुरू. मग फोन करा, मेसेज नाही, फोन. "तुमचं बरोबर होतं" हे माणसाला ऐकायचं असतं.

आणि महिन्यातून एकदा सगळे उघडे दावे एका यादीत काढून शाखा, कॉम्प्युटर, वेळ आणि परतीचा मार्ग असे रकाने लावून बघा. सगळे विखुरलेले असतील तर ठीक. पण पाचातले चार एकाच सेल्फ चेक मशीनवरचे किंवा सगळे सोमवारी सकाळच्या ड्रॉप बॉक्सचे निघाले तर सभासदांना प्रश्न विचारणं थांबवा आणि त्या मशीनशेजारी उभं राहून एक दिवस नुसतं बघा काय होतंय.